कॅम्पातली आत्या

कल्याणकरांनी निर्वासितांना पोटाशी धरलं, असं आता भाषणांतून सांगतात. सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, त्यामुळे त्यांना मी दोष देत नाही. माझा झालेला होता. मी मॅट्रिकच्या वर्गात होते, आमचं घर पारनाक्याजवळ होतं, आणि पोटाशी धरणारी ही सगळी मंडळी आमच्याच ओटीवर बसून चहा पीत.

माझे वडील वकील होते. कोर्टात त्यांचं बरं चाले, पण तेवढ्याने त्यांचं समाधान होत नसे. त्यांना अध्यक्ष व्हायचं असे. कशाचं, हा प्रश्न दुय्यम होता. वाचनालयाचे झाले, व्यायामशाळेचे झाले. फाळणीनंतर सिंधी लोक बोटींनी मुंबईला उतरले आणि सरकारने त्यांना वालधुनी नदीच्या पलीकडे, लढाईच्या वेळच्या रिकाम्या लष्करी बराकींत आणून ठेवलं. त्या वस्तीला सगळे कॅम्प म्हणू लागले. लगोलग गावात साहाय्य समिती निघाली आणि वडील तिचेही अध्यक्ष झाले. पहिल्याच सभेत ते बांधवांविषयी आपलं कर्तव्य काय, यावर बराच वेळ बोलले. त्या दिवसापर्यंत ते एकाही निर्वासिताशी बोलले नव्हते. पुढेही फारसे बोलले नाहीत.

घरात आत्या होती, वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. आजोबांनी तिचे केस काढू दिले नाहीत, याचा आमच्या घराला फार अभिमान होता. वडील आल्यागेल्याला ते सांगत, आणि आत्या तिथेच पाण्याचे तांबे ठेवत असे. आमची सुधारणा त्या केसांपाशी सुरू झाली आणि तिथेच संपली. पहाटे बंब पेटवण्यापासून सोवळ्याचा स्वयंपाक, आमची आजारपणं, आईची बाळंतपणं, सगळं तिने काढलं. मंगळागौर असो की बारसं, सवाष्णी घरात यायला लागल्या की ती आपण होऊन मागच्या पडवीत जाऊन बसे. तिला कुणी जा म्हणायची वेळ येत नसे. आई याला आत्याचा समजूतदारपणा म्हणायची.

समितीची महिला शाखा डॉक्टरीणबाईंच्या हाती होती. संक्रांत जवळ आली तेव्हा त्यांनी ठरवलं की निर्वासित भगिनींना हळदीकुंकवाला बोलवायचं आणि प्रत्येकीला एक लुगडं द्यायचं. गावातून लुगडी गोळा झाली. लोकांनी घरातल्या चिंध्यांना वाट मिळाली म्हणून ती आनंदाने दिली. काही तर पोतेऱ्याच्याही लायकीची नव्हती. ती सगळी आत्यापुढे आली. तिने ती धुतली, रफू केली, घड्या घातल्या. सिंधी बायका सुथण आणि लांब झगा घालतात, वरून पांढरी चादर घेतात, त्या नऊवारी कशी नेसणार, असं तिने एकदा आईला विचारलं. आई म्हणाली, शिकतील.

हळदीकुंकू आमच्या माजघरात झालं. पंधरा-वीस जणी कॅम्पातून चालत आल्या होत्या. आधी डॉक्टरीणबाईंनी त्यांना स्वच्छतेवर आणि काटकसरीवर व्याख्यान दिलं. ऐकणाऱ्यांपैकी कितीजणी घरचा दिवाणखाना, गच्ची, गाई, सगळं मागे टाकून आल्या होत्या याची चौकशी त्यांना करावीशी वाटली नाही. मग हळदीकुंकू सुरू झालं. आईच्या हातात पंचपाळं होतं, मी तिळगुळाची ताटली घेऊन मागे उभी होते. कुंकवाचं बोट पुढे करण्याआधी डॉक्टरीणबाई प्रत्येकीला आपल्या हिंदीत विचारत होत्या, "तुम्हारा मालक जिंदा है ना?"

विचारण्यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं. शहानिशा नको का करायला. पहिल्या दोघी-तिघींनी मान डोलावली. एक म्हातारी मागे सरली. तिच्यानंतर उभी होती ती तिची सून, तिशीतली, उंच, घाऱ्या डोळ्यांची. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पता नहीं."

तिचा नवरा सिंधमध्ये, शिकारपूरला, घर विकायला मागे राहिला होता आणि कित्येक महिने त्याची काही खबर नव्हती, हे आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र माजघरात घोटाळा झाला. आहे म्हणणारीला कुंकू होतं, नाही म्हणणारीला नव्हतं. माहीत नाही म्हणणारीचं काय करायचं याचा विचार कुणी केलेला नव्हता. डॉक्टरीणबाईंचं बोट हवेत राहिलं. त्या आणि आई बाजूला झाल्या, दोघींची कुजबुज झाली, आणि परत येऊन आईने त्या बाईच्या हातात नुसतं लुगडं ठेवलं. पंचपाळं पदराआड धरलं.

ती बाई काय ते समजली. तिने लुगडं उलगडून पाहिलं, तशीच घडी घातली आणि आईच्या हातात परत दिलं.

"हमें बोला था मदद मिलेगी," ती म्हणाली. "यहाँ तो पूछ रहे हैं किसका मरा, किसका नहीं मरा."

आवाज चढला नव्हता. सासूचा हात धरून ती निघाली. चार-पाच जणी तिच्यामागे गेल्या. बाकीच्यांनी लुगडी घेतली, कारण थंडी होती आणि घरी पोरं होती. ती उंच बाई दारातून बाहेर पडते न पडते तोच डॉक्टरीणबाई म्हणाल्या की घरदार गेलं तरी माज गेला नाही. सगळ्यांनी माना हलवल्या आणि उरलेला तिळगूळ आपापसात वाटून घेतला.

मी ताटली ठेवून मागे गेले तर पडवी रिकामी. आत्या मागच्या दाराने बाहेर पडली होती. मी तिच्यामागे धावले. गल्लीच्या तोंडाशी तिने त्या दोघींना गाठलं होतं. आत्याला हिंदीचा गंध नव्हता. ती त्या उंच बाईपुढे उभी राहिली आणि स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून म्हणाली, "मलासुद्धा लावत नाहीत."

त्या बाईला शब्द कळले नसतील. तिने आत्याच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, कळकट लुगड्याकडे पाहिलं, मग आमच्या घराकडे पाहिलं. तिने आत्याचा दंड धरला आणि तिघी चालू लागल्या. आत्या दिवेलागणीला परत आली. कुठे गेली होतीस, असं तिला कुणी विचारलं नाही. भात वेळेवर झाला.

त्यानंतर दुपारची झाकपाक झाली की ती कॅम्पात जायला लागली. वडिलांनी सुरुवातीला अडवलं नाही, उलट त्यांना ते सोयीचं वाटलं. समितीच्या सभेत ते म्हणू लागले की माझी सख्खी बहीण रोज निर्वासितांत जाऊन सेवा करते. टाळ्या पडत. आत्या तिथे नेमकं काय करते हे विचारायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

मी तिच्याबरोबर बऱ्याचदा गेले, त्यामुळे मला माहीत आहे. ती तिथे बसून गप्पा मारायची. बराकीत गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबाकुटुंबांच्या खोल्या केलेल्या होत्या. एका कुटुंबाची फोडणी सगळ्या बराकीला खोकायला लावायची. त्या उंच बाईने बोटीवरून शिवणाचं एक हातमशीन आणलं होतं. ती त्यावर पोरींचे झगे शिवायची, आत्या बटणांची काजं करून द्यायची. त्या बाईची हिंदी आणि आत्याची मराठी यांतून दोघींची मिळून एक भाषा तयार झाली, ती तिसऱ्या कुणाला धड कळत नसे.

सासू खाटेवर बसून आम्हा कल्याणकरांचे वाभाडे काढायची. तिच्या मते आम्ही अंधाऱ्या बिळांत राहतो, पाहुण्याला घोटभर चहा बशीत ओतून देतो आणि वर त्याच्याकडे उपकाराने बघतो. आमची डाळ पातळ, आमचे पुरुष किडकिडीत, आमच्या बायकांच्या आवाजात जीव नाही. शिकारपूरचा भिकारीसुद्धा तुमच्या वकिलापेक्षा बरा कपडा घालतो, असं ती मला तोंडावर म्हणाली होती. तिच्या बोलण्यात निम्मी बढाई होती. पण आत्याला ते ऐकायला फार आवडायचं. आमच्या घराला, वडिलांना, डॉक्टरीणबाईंना कुणी नावं ठेवतंय आणि आपण बसून ऐकतोय, हे सुख तिला इतक्या वर्षांत मिळालं नव्हतं. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. तिची वरची एक दाढ पडलेली आहे हे मला तिथे कळलं. घरी ती कधी तोंड उघडून हसलीच नव्हती.

आणि ती तिथे जेवायची. कांदा घालून लाटलेली जाड, खरपूस रोटी, तिला त्या कोकी म्हणत. आत्याने जन्मात कांदा खाल्ला नव्हता. पहिला घास तिने डोळे मिटून घेतला. दुसऱ्या वेळी मागून घेतला.

वडिलांच्या कारकुनाने ते पाहिलं आणि आपलं कर्तव्य केलं. वडिलांनी आत्याला ओटीवर बोलावलं. आई दाराआड उभी होती, मी तिच्या मागे.

"अक्का, तू तिथे जेवतेस?"

"जेवते."

"कांदासुद्धा?"

"कांदासुद्धा."

वडिलांनी तिला घराची अब्रू, सोवळं, देवघर यांवर बरंच ऐकवलं. ती ऐकून घेत होती. ते थांबल्यावर ती म्हणाली, "तूच सभेत म्हणालास, ते आपले बांधव आहेत. बांधवांकडे जेवतात."

"भाषणात बोलायची गोष्ट वेगळी असते," वडील म्हणाले.

हे वाक्य त्यांनी खरोखर उच्चारलं. चेहऱ्यावर ओशाळेपणाचा लवलेश नव्हता, उलट बाईमाणसाला एवढं साधं कळू नये याचं नवल होतं.

मग शिक्षा काय द्यायची यावर गाडं अडलं. आत्याला सोवळ्यातून बाद केलं असतं तर स्वयंपाक करणार कोण? आईची पाठ धरलेली होती आणि स्वयंपाकीण ठेवणं वडिलांना परवडत असलं तरी सोसणारं नव्हतं. तेव्हा धर्माने वाट काढून दिली. पंचगव्य घ्यायचं, कॅम्पात जाणं बंद करायचं, की झालं. दुसऱ्या दिवसापासून चूल पुन्हा तिचीच. आत्या म्हणाली, बघते.

दुसऱ्या दिवशी वडील कोर्टात गेल्यावर ती एक बोचकं घेऊन माजघरातून ओटीवर आली आणि पुढच्या दाराने बाहेर पडली. मला म्हणाली, "भाजी झालीये, भात तेवढा लावा." आईने तिला हाक मारली नाही. तिने फक्त भात किती लावायचा ते मला विचारलं. तिला ते माहीत नव्हतं.

गावात आठवडाभर हा एकच विषय. कुणी म्हणे आत्याचं डोकं फिरलं, कुणी म्हणे सिंध्यांनी काही खाऊ घातलं. वडिलांनी सांगितलं की तिला आम्ही काशीला पाठवलं. ही काशी वालधुनीच्या पुलापलीकडे चालत जाण्याच्या अंतरावर होती आणि तिथून आमच्या शेजारणी पोरींचे झगे विकत आणत होत्या, तरी सगळ्यांनी काशीवर विश्वास ठेवला.

कॅम्पातली माणसं काही देवदूत नव्हती. त्या बराकीत एक कापडव्यापारी पुढारी होऊन बसला होता, अगदी माझ्या वडिलांचाच अवतार, टोपी तेवढी निराळी. बाहेरची बाई बराकीत ठेवता येणार नाही, आमच्या माणसांना जागा नाही, रेशन नाही, असं त्याने बजावलं आणि एका सरकारी अंमलदाराला घेऊन आला. त्या बाईने अंमलदाराला बेधडक सांगितलं की ही माझी थोरली बहीण, माझी अदी. अंमलदाराने आत्याला नाव-गाव विचारलं. आत्या तोंड उघडणार तोच ती बाई म्हणाली, दंगलीत हिने असं काही पाहिलं की हिची वाचाच गेली. अंमलदार चुकचुकला आणि गेला. तो पुन्हा येईल या भीतीने आत्याला पुढे कितीतरी दिवस मुकी होऊन राहावं लागलं. व्यापाऱ्याला सगळं ठाऊक होतं. पण तो काही बोलायला आला की सासू खाटेवरून त्याच्या बापजाद्यांचा उद्धार सुरू करायची, आणि तिला त्याचे बापजादे चांगलेच माहीत होते. शेवटी त्याने नाद सोडला.

वर्षाने त्या बाईचा नवरा आला. घर न विकताच आला. गोल, आळशी आणि स्वभावाने गरीब माणूस होता. गोणपाटाआड एक परकी बाई आपल्या बायकोबरोबर राहते हे पाहून त्याने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवसापासून तोही तिला अदी म्हणायला लागला. बायकोने शिवलेले झगे हातगाडीवर घालून तो कल्याण स्टेशनाबाहेर उभा राहू लागला.

नवरा परत आल्याची बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. पुढच्या संक्रांतीला डॉक्टरीणबाईंनी आमच्या मोलकरणीकरवी त्या बाईला हळदीकुंकवाचं आमंत्रण पाठवलं, आता काही अडचण राहिली नाही, असा निरोपही जोडला. तिने उलट निरोप पाठवला की आम्ही दोघी येऊ, दोघींना लावणार असाल तर कळवा. कुणी कळवलं नाही.

स्टेशनाबाहेरच्या हातगाड्या गावातल्या दुकानदारांच्या डोळ्यांत खुपत होत्या. सिंधी कमी नफ्यावर विकतात, दिवसभर उभे राहतात, गिऱ्हाइकाला हाका मारतात, हा त्यांचा गुन्हा. आमचे दुकानदार दुपारी फळ्या लावून झोपत. गाड्या हटवाव्यात म्हणून त्यांनी अर्ज करायचं ठरवलं आणि तो लिहून घ्यायला ते माझ्या वडिलांकडे आले. वडिलांनी उत्तम अर्ज लिहिला. ज्या टेबलावर साहाय्य समितीचे कागद होते त्याच टेबलावर लिहिला. मी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले की साहाय्य वेगळं आणि रस्त्याची शिस्त वेगळी. त्यांच्या मनात प्रत्येक गोष्ट दुसऱ्या गोष्टीहून वेगळी असायची. त्या बळावर ते शेवटपर्यंत शांत झोपले.

निवडणूक आली आणि वडील उभे राहिले. कॅम्पात मतं भरपूर होती. खादीचा नवा सदरा घालून ते बराकींतून हिंडले. मी तेव्हा कॅम्पातल्या शाळेत नोकरीला लागले होते, तिथेच होते. कापडव्यापारी त्यांच्या डाव्या बाजूला होता. दोघांचं एकमेकांशी चांगलं जमलं होतं, जमणारच. आत्याच्या गोणपाटापाशी ते आले. त्या बाईने चहा केला. जिथलं खाल्लं म्हणून सख्ख्या बहिणीला घर सोडावं लागलं, तिथला चहा वडील उभ्याउभ्या प्यायले, आणि लोक बघताहेत म्हटल्यावर आणखी मागून घेतला.

मग त्यांनी आत्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याआधी तिच्या अंगाला त्यांचा हात कधी लागलेला मी पाहिला नव्हता. जमलेल्या लोकांना ते हिंदीत म्हणाले, "यह मेरी बड़ी बहन है. मैंने इसको आपकी सेवा के लिए दे दिया."

आत्याने त्यांचा हात हळूच खाली ठेवला आणि लोकांकडे वळून सिंधीत बोलली. एव्हाना तिची सिंधी सासूच्या वळणाची, फटकळ झाली होती. मला कळलं ते असं: याने मला दिलं नाही, मी याची चूल टाकून पळून आले, आणि तुमच्या गाड्या हटवायचा अर्ज याच्याच हातचा आहे.

सगळी बराक हसली. लोक हसले म्हणून वडीलही हसले, हात जोडले आणि पुढच्या बराकीकडे गेले. त्यांना सिंधीचं अक्षर कळत नव्हतं. आपलं भाषण चांगलं झालं असंच त्यांनी घरी येऊन सांगितलं. डिपॉझिट गेल्यावर मात्र निर्वासित कृतघ्न निघाले, असं ते म्हणू लागले, आणि साहाय्य समिती त्यांनी बरखास्त केली. तिच्या जाण्याने कॅम्पात कुणाचं काही अडलं नाही.

माझं लग्न डोंबिवलीतल्या एका शिक्षकाशी झालं. आईने आत्याला निरोप धाडला की ये, पण मागच्या दाराने ये आणि मंगलाष्टकं होईपर्यंत पडवीत थांब. आत्या आली नाही. तिच्या जागी त्या बाईने पाठवलेली जरीची चोळी आली, तिच्यावर सगळ्या वऱ्हाडाची नजर गेली. ती कुणी शिवली हे आईने कुणाला सांगितलं नाही.

लग्नानंतर मी नवऱ्याला घेऊन कॅम्पात गेले. तोवर आत्याने आणि त्या बाईने बराकीच्या तोंडाशी छोटं दुकान थाटलं होतं. मशीनं दोन झाली होती, एक आत्या चालवायची. पायांत चपला होत्या, अंगात पोलकं, चादर सिंधी बायकांसारखी घेतलेली. कपाळ मोकळंच होतं, ते तिने कधी बदललं नाही आणि मीही विचारलं नाही. सासूने माझ्या नवऱ्याला समोर बसवून नीट न्याहाळलं, त्याचं मनगट दाबून पाहिलं आणि अशा हडकुळ्या माणसाला पोरगी दिली म्हणून माझ्या घराण्याला शिव्या घातल्या. त्याच्या ताटात ती वाढतच राहिली. तो कोकणातल्या मऊ भातावर वाढलेला, पण त्याने सगळं संपवलं. ते पाहून म्हातारी जरा निवळली.

आम्हाला पोचवायला आत्या विठ्ठलवाडी स्टेशनपर्यंत आली. घरची विचारपूस करेल असं मला वाटलं होतं. तिने वडिलांची चौकशी केली नाही, आईची केली नाही. बाकावर बसून ती शाळेच्या गणवेशांचं मोठं काम हातात आलंय, काजं करायला एखादी मुलगी ठेवावी लागेल, असं सांगत होती. मग त्या बाईच्या नवऱ्यावर घसरली. दिवसा दुकानात बसायला सांगितलं की हा झोपतो, आणि घोरण्याने गिऱ्हाईक दचकून परत जातं. त्याला उठवायचं काम आत्याचं. गाडी येईपर्यंत ती त्याच्याविषयीच तक्रार करत होती.